स्कूबा डायव्हिंगसाठी पहिला रेग्युलेटर कसा निवडायचा? संपूर्ण माहिती मराठीत

रेग्युलेटर म्हटलं की आपल्याला घरातले दोन आठवतात, एक पंख्याचा आणि दुसरा गॅस सिलेंडरचा. आज आपण तिसऱ्या रेग्युलेटरबद्दल बोलणार आहोत, जो तोंडात धरून माणूस पाण्याखाली श्वास घेतो.

मालवण, तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला बरेच जण एकदा तरी स्कूबा करून येतात. त्यात ट्रेनर तुम्हाला धरून खाली नेतो, फोटो काढतो आणि वर आणतो. त्यातल्या काही जणांना हा नाद लागतो आणि ते पुढे ओपन वॉटर कोर्स करतात. कोर्स झाला की पुढचा प्रश्न येतो, "स्वतःचा रेग्युलेटर घेऊ का? आणि घ्यायचा तर कोणता?"

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सुट्ट्या जुळल्या की डायव्हिंगला पळतो. नवीन डायव्हर मित्र मला हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्याकडे तीन-चार मॉडेलची स्पेसिफिकेशन शीट आधीच असते, अगदी फोन घेताना आपण रॅम आणि मेगापिक्सल जुळवून बघतो तशी. माझं म्हणणं असं आहे की पहिल्या रेग्युलेटरसाठी ही शीट सगळ्यात शेवटी उघडायची. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची: याची सर्व्हिस कोण करणार? आणि मी जिथे डाइव्ह करतो तिथल्या सिलेंडरला हा बसतो का? असं का म्हणतो, ते या लेखात समजावून सांगतो.

रेग्युलेटर नक्की काय करतो?

भरलेल्या स्कूबा सिलेंडरमध्ये हवेचा दाब साधारण २०० बार असतो. कारच्या टायरमध्ये हाच दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाची हवा थेट फुफ्फुसात घेता येत नाही. त्यामुळे ती दोन टप्प्यांत कमी करावी लागते.

हे समजायला आपला फोन चार्जर बघा. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. ॲडॉप्टर ते ५ किंवा ९ व्होल्टवर आणतो, आणि मग फोनच्या आतली पॉवर चिप प्रोसेसरला लागतात तेवढेच, म्हणजे एक व्होल्टच्या आसपास देते. रेग्युलेटरमध्येही असेच दोन भाग असतात.

फर्स्ट स्टेज: हा धातूचा भाग थेट सिलेंडरवर बसतो. तो २०० बारचा दाब खाली आणून आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त एवढा ठेवतो.

सेकंड स्टेज: हा तोंडात धरायचा भाग. त्याच्या डबीत एक रबरी पडदा असतो. तुम्ही श्वास आत ओढला की डबीतला दाब कमी होतो, पडदा आत खेचला जातो, तो एक छोटी दांडी दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडून हवा येते. ओढणं थांबवलं की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. सोडलेला श्वास बहुतेक मॉडेलमध्ये खालच्या बाजूच्या रबरी झडपेतून बुडबुडे होऊन बाहेर जातो.

म्हणजे हवा सतत वाहत नाही, मागितली की मिळते. शिवाय ती त्या खोलीवरच्या पाण्याच्या दाबाला जुळवून मिळते. पाण्यात दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. १८ मीटरवर, म्हणजे ओपन वॉटर डायव्हरच्या मर्यादेवर, एकूण दाब २.८ बार असतो. तिथे रेग्युलेटरने २.८ बारची हवा दिली नाही तर छाती फुगणारच नाही.

आजच्या रेग्युलेटरचं मूळ १९४३ मधलं आहे. फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जॅक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यां यांनी ॲक्वा-लंग तयार केलं. गान्यांने युद्धकाळातल्या इंधन टंचाईमुळे गॅसवर चालणाऱ्या गाड्यांसाठी एक व्हॉल्व्ह बनवला होता, त्यातूनच ही कल्पना पुढे गेली. त्या रेग्युलेटरला दोन जाड नळ्या होत्या आणि सगळी यंत्रणा पाठीवर होती. आज आपण वापरतो तशी एका नळीची, दोन टप्प्यांत विभागलेली रचना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेडने बाजारात आणली. मूळ तत्त्व आजही तेच आहे.

बिघडला तर काय होतं?

सर्व्हिसचा मुद्दा मी सगळ्यात वर का ठेवतो, ते इथे कळेल.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक प्रश्न नेहमी विचारला जातो: सिस्टीम बंद पडली तर ती कोणत्या अवस्थेत बंद पडेल? डेटा लॉक होऊन बसेल की उघडा राहील? आजच्या बहुतेक रेग्युलेटरचं उत्तर आहे, उघडा राहील. त्यांचा सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह अशा दिशेने बसवलेला असतो की मागून दाब वाढला तर तो ढकलून उघडला जातो. फर्स्ट स्टेजच्या आतली सीट झिजली आणि दाब हळूहळू चढायला लागला, की सेकंड स्टेजमधून आपोआप हवा वाहू लागते. याला फ्री-फ्लो म्हणतात.

हवा बंद होण्यापेक्षा हे कितीतरी बरं. वाहत्या रेग्युलेटरमधून श्वास कसा घ्यायचा हे कोर्समध्येच शिकवतात. पण फ्री-फ्लो झाला की सिलेंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो. हा वेळ शांतपणे वर येण्यासाठी असतो, डाइव्ह पुढे चालू ठेवण्यासाठी नाही.

ही सीट, ओ-रिंग आणि रबरी पडदा झिजणारे भाग आहेत. ते कितीही महागड्या मॉडेलमध्ये झिजतात. वेळेवर सर्व्हिस केलेला साधा रेग्युलेटर हा चार वर्षं कपाटात पडलेल्या टॉप मॉडेलपेक्षा सुरक्षित, हे लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न: सर्व्हिस कोण करणार?

बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा तपासणी सांगतात. पूर्ण खोलून भाग बदलण्याचं काम काही कंपन्या दरवर्षी सांगतात, तर काही दर दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्ह झाल्यावर, जे आधी येईल ते. तुमच्या मॉडेलचं वेळापत्रक मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

हे काम कोपऱ्यावरच्या मोबाईल रिपेअरवाल्यासारखं कोणीही करू शकत नाही. त्या ब्रँडचं ट्रेनिंग घेतलेला टेक्निशियन लागतो, त्या मॉडेलचा सर्व्हिस किट लागतो आणि दाब मोजायचा गेज लागतो. म्हणून विकत घेण्याआधी दुकानाला किंवा डायव्ह सेंटरला स्पष्ट विचारा:

१. या मॉडेलचा सर्व्हिस किट भारतात मिळतो का? किती दिवसांत?
२. काम तुमच्याकडेच होतं की दुसऱ्या शहरात पाठवावं लागतं?
३. किट आणि मजुरी धरून एका सर्व्हिसचा खर्च किती?
४. वॉरंटी भारतात चालते का? त्यासाठी सर्व्हिसची बिलं जपून ठेवावी लागतात का?

परदेशातून स्वस्तात येणाऱ्या रेग्युलेटरला हे चारही प्रश्न जास्त कडकपणे विचारा. दुबईहून दादा येताना घेऊन येईल, ही सोय छान आहे. पण किट इथे मिळत नसेल तर दरवर्षी दादाच्याच फेरीची वाट बघावी लागेल.

आपल्याकडे एक गोष्ट सोयीची आहे. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. तेव्हा सर्व्हिसला टाकायचा काळ म्हणजे जून ते सप्टेंबर. सीझन संपला की धुवून, वाळवून द्या, सुरू होताना तयार मिळेल.

दुसरा प्रश्न: सिलेंडरला बसेल का?

सिलेंडर आपण सोबत नेत नाही, तो जागेवरच मिळतो. त्यामुळे रेग्युलेटरचं कनेक्शन तिथल्या सिलेंडरला जुळलं पाहिजे. फोनमध्ये टाइप-सी आणि लायटनिंग असतात, तसे इथे दोन प्रकार आहेत.

योक: यात चौकटीसारखा क्लॅम्प सिलेंडरच्या व्हॉल्व्हवर अडकवून मागून स्क्रू आवळतात. ओ-रिंग सिलेंडरच्या बाजूला असते. याची मर्यादा २३२ बार.

डिन: हा थेट व्हॉल्व्हमध्ये आटे फिरवून बसतो. ओ-रिंग रेग्युलेटरवर असते आणि आत बंदिस्त राहते, त्यामुळे निसटण्याची शक्यता कमी. हा ३०० बारपर्यंतच्या प्रकारातही मिळतो. युरोपात डिन जास्त चालतं.

मी आपल्याकडे जिथे जिथे डाइव्ह केलं तिथे ॲल्युमिनियमचे साधारण ११ लिटरचे सिलेंडर आणि योक कनेक्शनच मिळालं. तुम्ही फक्त भारतात डाइव्ह करणार असाल तर योक सरळ आणि सोपा. पुढे इतर देशांत जायचा बेत असेल तर डिन घेऊन सोबत योकचा ॲडॉप्टर ठेवता येतो. याच्या उलट करणं कठीण असतं, कारण योक रेग्युलेटर साध्या डिन व्हॉल्व्हवर बसत नाही. काही व्हॉल्व्हमध्ये काढता येणारा इन्सर्ट असतो, तिथेच दोन्ही चालतात.

आता स्पेसिफिकेशन शीट उघडा

वरच्या दोन प्रश्नांनंतर तुमच्या यादीत दोन-तीनच मॉडेल उरतील. आता शीटवरचे शब्द समजून घेऊ.

*पिस्टन की डायाफ्राम?*
हा फर्स्ट स्टेजच्या आतल्या रचनेतला फरक आहे. पिस्टनमध्ये हलणारे भाग कमी, रचना साधी, सर्व्हिस सोपी. पण साध्या पिस्टन मॉडेलमध्ये स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचं पाणी शिरतं, म्हणजे मीठ आणि गाळही शिरतो. डायाफ्राममध्ये पडद्यामुळे आतली यंत्रणा पाण्यापासून वेगळी राहते, पण भाग जास्त असतात. आपल्या किनाऱ्याजवळचं गढूळ पाणी बघता डायाफ्रामचा फायदा आहे. तरी डाइव्हनंतर नीट धुणाऱ्याने पिस्टन घेतला तरी बिघडत नाही.

*बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड?*
अनबॅलन्स्डमध्ये सिलेंडर रिकामा होत जातो तसा श्वास थोडा जड होऊ शकतो, खोलीवर ते जास्त जाणवतं. बॅलन्स्डमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखंच राहतं. उदाहरणार्थ, स्कूबाप्रोचा एमके२ हा अनबॅलन्स्ड पिस्टन आहे, एमके२५ हा बॅलन्स्ड पिस्टन आणि एमके१७ हा बॅलन्स्ड डायाफ्राम. इतर कंपन्यांकडेही अशाच पायऱ्या असतात.

नवीन माणसाला हा फरक किती जाणवेल? थोडा हिशोब करू. ११ लिटरचा सिलेंडर २०० बारला भरला तर त्यात साधारण २२०० लिटर हवा असते. ५० बार राखीव सोडली तर वापरायला १६५० लिटर. माणूस वर मिनिटाला २० लिटर घेत असेल तर १८ मीटरवर २.८ पट, म्हणजे ५६ लिटर घेतो. डाइव्ह साधारण २९ मिनिटांत संपते. म्हणजे तुम्ही सिलेंडर तळाला लागेपर्यंत १८ मीटरवर थांबतच नाही. ही मर्यादा पाळणाऱ्याला चांगला अनबॅलन्स्ड रेग्युलेटर पुरतो. पुढे ३० मीटरचे कोर्स करायचे नक्की असेल तर थोडे जास्त पैसे घालून बॅलन्स्ड घ्या, म्हणजे लवकर बदलावा लागणार नाही.

*सील्ड म्हणजे काय?*
दाब झपाट्याने कमी झाला की हवा गार होते. थंड पाण्यात यामुळे फर्स्ट स्टेजवर बर्फ जमून फ्री-फ्लो होऊ शकतो. सील्ड मॉडेलमध्ये स्प्रिंगच्या कप्प्यात पाणी शिरत नाही. आपल्या समुद्रात हा प्रश्न येत नाही, त्यामुळे फक्त बर्फाच्या भीतीने जास्त पैसे देऊ नका. गाळ आणि मीठ बाहेर राहतं हा मात्र इथेही उपयोगी फायदा आहे.

*ईएन २५० चा शिक्का*
हा रेग्युलेटरसाठीचा युरोपीय मानक आहे. यात ५० मीटर खोलीइतक्या दाबाखाली, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासाच्या वेगाने चाचणी होते. शिक्क्यात '>१०°से' लिहिलेलं असेल तर तो रेग्युलेटर १० अंशांपेक्षा गरम पाण्यासाठीच आहे. आपल्यासाठी ते चालतं. 'ईएन २५०ए' असं असेल तर गरज पडल्यास तो सेट दोन डायव्हरना एकाच वेळी हवा देण्यासाठी तपासलेला आहे. बडीला हवा द्यायची वेळ कधीही येऊ शकते, म्हणून हा 'ए' शोधाच.

*नॉब आणि लिव्हर*
काही सेकंड स्टेजवर श्वासाचा जडपणा कमी-जास्त करायचा नॉब असतो. अनेकांवर प्री-डाइव्ह आणि डाइव्ह असा एक लिव्हर असतो. पाण्यात उडी मारताना तो प्री-डाइव्हवर ठेवला तर फ्री-फ्लोची शक्यता कमी होते. असले तर उत्तम, नसले तर अडत नाही.

सेटमध्ये काय काय येतं?

दुकानात 'रेग्युलेटर' म्हणून सांगितलेली किंमत बऱ्याचदा फक्त फर्स्ट आणि सेकंड स्टेजची असते. पाण्यात उतरायला आणखी तीन गोष्टी लागतात:

- ऑक्टोपस: बडीसाठीचा दुसरा सेकंड स्टेज, सहसा पिवळा, लांब नळीचा
- प्रेशर गेज: सिलेंडरमध्ये किती हवा उरली हे दाखवणारा
- जॅकेटमध्ये हवा भरायची नळी: ती तुमच्या बीसीडीला जुळते का बघा

पूर्ण सेट एका चांगल्या स्मार्टफोनच्या किमतीत सुरू होतो आणि फ्लॅगशिप फोनच्या पुढेही जातो. पण फोन तीन-चार वर्षांत बदलतो, रेग्युलेटर नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज चालतो. त्यामुळे किमतीत पुढच्या पाच सर्व्हिसचा खर्च मिळवा आणि मग मॉडेलची तुलना करा. वजनही बघा. भारतातल्या विमान प्रवासात सामानाची मर्यादा बऱ्याचदा १५ किलो असते आणि पूर्ण सेट अडीच-तीन किलोच्या आसपास भरतो.

सेकंड हँड घ्यावा का?

घेता येतो, पण सर्व्हिस करूनच वापरायचा. किंमत ठरवताना सर्व्हिसचा खर्च वजा करा. बघताना हे तपासा:

- फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी धातूचा बारीक फिल्टर असतो. तो हिरवट दिसला तर आत पाणी गेलं असण्याची शक्यता आहे. तांबूस असेल तर सिलेंडरचा गंज, काळपट असेल तर कॉम्प्रेसरमधला कार्बन.
- डस्ट कॅप लावलेली असताना सेकंड स्टेजमधून हळू श्वास ओढा. हवा यायला नको. येत असेल तर पडदा, झडप किंवा नळीत कुठेतरी गळती आहे.
- नळ्यांच्या टोकाजवळ वाकवून भेगा बघा.
- सिरियल नंबर आणि सर्व्हिसची जुनी बिलं मागा.

मॉडेल बंद होऊन त्याचे भाग मिळत नसतील तर फुकट मिळाला तरी नको म्हणा.

घेतल्यावर काळजी कशी घ्यायची?

- डाइव्हनंतर डस्ट कॅप कोरडी करून लावा आणि रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजवा. भिजत असताना सेकंड स्टेजवरचं बटण दाबू नका, पाणी नळीतून आत जातं.
- सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात नको, रबर खराब होतं.
- पावसाळ्यात दमट कपाटात बंद पिशवीत ठेवला तर माउथपीसला बुरशी धरते. पूर्ण सुकवून, नळ्या सैल गुंडाळून ठेवा.
- प्रत्येक डाइव्हआधी गेजकडे बघत चार-पाच श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकत असेल तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलेंडर परत द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*वर्षातून चार-पाच डाइव्ह होतात, तरी घेऊ का?*
माझ्या मते घाई नको. आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क, मग डाइव्ह कॉम्प्युटर घ्या. भाड्याच्या रेग्युलेटरवर लावायला स्वतःचा माउथपीस घ्या, तो स्वस्त असतो आणि झिप टायने बसतो. वर्षाला दहा-पंधरा डाइव्ह व्हायला लागल्या की रेग्युलेटरचा विचार करा.

*कोर्स न करता रेग्युलेटर घेऊन डाइव्ह करता येईल का?*
नाही. सर्टिफिकेशन कार्डाशिवाय जबाबदार सेंटर तुम्हाला सिलेंडर देत नाही, आणि देऊही नये. श्वास रोखून वर येणं जिवावर बेतू शकतं, ते कोर्समध्येच शिकायचं असतं.

*यूट्यूब बघून घरी सर्व्हिस करता येईल का?*
मला स्वतःला वस्तू खोलायची हौस आहे, लॅपटॉप तर कितीदा खोललाय. रेग्युलेटर मात्र मी खोलत नाही. लॅपटॉप चुकला तर रिस्टार्ट करता येतो.

*तू कोणता वापरतोस?*
बॅलन्स्ड डायाफ्राम, योक कनेक्शन, मधल्या किमतीतला. ब्रँड मुद्दाम सांगत नाही, कारण मी तो एकाच कारणाने निवडला: माझा टेक्निशियन त्याचे भाग स्वतःकडे ठेवतो. तुमच्या जवळचा टेक्निशियन दुसऱ्या ब्रँडचे भाग ठेवत असेल तर तुमच्यासाठी योग्य रेग्युलेटर तोच.

थोडक्यात क्रम असा

१. जवळचा सर्व्हिस टेक्निशियन आणि तो हाताळत असलेले ब्रँड
२. तुम्ही जाता तिथल्या सिलेंडरचं कनेक्शन, योक की डिन
३. ईएन २५०ए चा शिक्का
४. बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड, पुढच्या कोर्सच्या बेतानुसार
५. पूर्ण सेटची किंमत अधिक पाच सर्व्हिसचा खर्च
६. वजन, नॉब, रंग वगैरे

नवीन रेग्युलेटर आला की थेट अंदमानच्या ट्रिपला नेऊ नका. आधी स्विमिंग पूलमध्ये किंवा उथळ पाण्यात ट्रेनरसोबत एकदा वापरा. ऑक्टोपसमधूनही पाच मिनिटं श्वास घेऊन बघा, कारण गरज पडेल तेव्हा तो तुमचा बडी तोंडात धरणार आहे.